मतदान अधिकारी क्रमांक दोन

तळोद्याहून आदल्या दिवशी पहाटे निघालो.
जीप संपली तिथे पाणी सुरू झालं,
मे महिन्यातलं,
कडेला पांढरी रेघ सोडून खाली उतरलेलं.
यंत्राच्या पेटीला ताडपत्री, आम्ही उन्हात.

केंद्राध्यक्ष गुजर, शहाद्याचे, बँकेत वसुली बघतात.
क्रमांक एक सायमन मावची, नवापूरचा.
क्रमांक तीन अन्सारी, मोहरांचे आकडे
दर तासाला पुन्हा मोठ्याने वाचणारे.
क्रमांक दोन मी : नोंदवहीत सही, डाव्या तर्जनीला शाई.
शिपाई भामरे झोपेत अहिराणी बोलायचा,
आणि सुकाणूवर तेरसिंग,
जो कुठल्याच भाषेत फारसा नाही.

अर्ध्या पाण्यात त्याने इंजिन बंद केलं.
"डिझेल?" सरांनी विचारलं.
तो खाली बघत होता.
"आठे मन्हं घर व्हतं,"
मला कळेल अशा बोलीत म्हणाला,
आणि पुन्हा दोरी ओढली.

केंद्र म्हणजे पत्र्याची शाळा, टेकडीच्या खांद्यावर.
साडेपाचला अभिरूप मतदान :
पन्नास खोटी मतं, पन्नास वेळा बीप.
शेळ्या आधी पळाल्या, मग सरावल्या.
दोन पक्षांचे दोन प्रतिनिधी, साडू-साडू,
एकाच फडक्यातली भाकर खात बसलेले.

सभा सगळ्या खाली सपाटीवर झाल्या होत्या.
एकाने पपईला भाव मागितला, दुसऱ्याने मिरचीला शीतगृह,
तापीचं पाणी दोघांनीही वाटून टाकलं.
या पाण्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

दहाच्या सुमारास दोहरीबाई आली.
सायमनने नाव वाचलं, वय वाचलं, घर क्रमांक चौदा.
ती हसली. मागची रांगही हसली.
सायमनने मावचीत विचारलं, तिने पावरीत सांगितलं,
रांगेतल्या तेरसिंगने त्याची अहिराणी केली, मी सरांसाठी मराठी :
घर क्रमांक चौदावरूनच काल आपण आलो.
सरांनी यादी उलटी धरली, सुलटी धरली.
पत्ता तपासणं आपल्याकडे नाही, म्हणाले,
चेहरा जुळतो ना?
जुळत होता.
खालच्याच ओळीत, त्याच घरात, तेरसिंग.

तिला डावी तर्जनी नव्हती.
बारडोलीकडे उसाच्या चरकात गेली.
पुस्तिकेत याची सोय आहे :
ते बोट नसेल तर त्याच हाताचं दुसरं,
तो हात नसेल तर उजवा,
बोटंच नसतील तर हाताचं जे टोक उरलं असेल ते.
इतका विचार कोणीतरी बसून केला होता.
इतका विचार, बोटांपुरता.
मधल्या बोटावर रेघ ओढताना बाटली कलंडली
आणि माझा अंगठा काळा झाला.

सहाला यंत्र बंद. तीनशे सतरापैकी दोनशे अठ्ठेचाळीस.
रात्र पेटीशेजारी काढून पहाटे परत.
त्याच जागी इंजिनाचा आवाज बारीक झाला.
कशावरून कळतं, मी विचारलं, वर तर नुसतं पाणी.
त्याने हनुवटीने दाखवलं :
तो सुळका आणि ती दरड एका रेषेत आली की ओटा.
जरा पुढे गेलं की आंबा.

निकाल लागला. जिंकणारा हजारांनी जिंकला.
आमच्या केंद्राची ओळ शोधायला मला वेळ लागला,
आणि सापडल्यावर काय करायचं ते कळेना.
माझं मत टपालाने गेलेलं, म्हणजे बोट कोरं.
अंगठ्याच्या नखातला डाग मात्र
पोळ्यापर्यंत वर वर सरकत राहिला.
बाई, तुम्ही अंगठ्याने मत दिलं? वर्गात पोरं विचारायची.

शाळा सुरू झाली त्या आठवड्यात
वसाहतीतली एक मुलगी नाव घालायला आली.
मी फॉर्म भरत होते.
पत्ता? म्हटलं.
ती म्हणाली, आताचा?